स्वतःच्या देशाने हाकलून दिलेल्या शास्त्रज्ञामुळे आकाशातल्या एक्स-रे ताऱ्यांची यादी सुरू झाली

एक्स-रे म्हटलं की आपल्याला आठवतं हॉस्पिटल. पण आकाशात असेही तारे आहेत जे साध्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि एक्स-रेमध्ये बघितले तर भगभगून पेटलेले असतात.

आज शास्त्रज्ञांकडे अशा ताऱ्यांची, कृष्णविवरांची, लांबच्या आकाशगंगांची रीतसर यादी आहे. ईरोसिटा या एकाच दुर्बिणीची २०२४ साली आलेली यादी जवळपास ९ लाख नोंदींची आहे. एक्स-रेपेक्षाही ताकदवान असतात ते गॅमा किरण. ते सोडणाऱ्या ठिकाणांची फर्मी दुर्बिणीने केलेली यादी ५ हजारांच्या पुढे गेली आहे.

आणि १९६२ च्या जून महिन्याआधी?

एक्स-रेच्या यादीत एकच नाव होतं, सूर्य. बाकी आकाशात बघण्यासारखं काही नाही असंच गणित सांगत होतं. तरीही बघायलाच पाहिजे म्हणून हट्ट धरणारा माणूस म्हणजे ब्रुनो रॉसी.

रॉसी यांचा जन्म १३ एप्रिल १९०५ चा, इटलीतल्या व्हेनिस शहरातला. वडील इलेक्ट्रिकल इंजिनिअर. चौदाव्या वर्षापर्यंत पोराचं शिक्षण घरीच झालं. पुढे पाडुआ आणि बोलोन्यात शिकून १९२८ साली ते फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री टेकडीवर नोकरीला लागले. ही टेकडी म्हणजे गॅलिलिओने आयुष्याची शेवटची वर्षं नजरकैदेत काढली ती जागा.

त्या काळात फिजिक्समध्ये एक कोडं गाजत होतं. अवकाशातून पृथ्वीवर सतत कसला तरी मारा होतो हे कळलं होतं. त्याला नाव दिलं होतं कॉस्मिक रे, म्हणजे वैश्विक किरण. पण हे नेमकं काय आहे, यावरून मोठमोठे शास्त्रज्ञ भांडत होते.

हे किरण मोजायला गायगर काउंटर असायचा. गॅस भरलेली नळी, तिच्यातून भारित कण गेला की टिक वाजणार. अडचण अशी की आजूबाजूच्या दगडमातीतल्या किरणोत्सर्गानेही टिक वाजायची. मग वरून आलेला कोणता आणि बाजूचा कोणता, हे ओळखायचं कसं?

रॉसी यांनी यावर इलेक्ट्रॉनिक्सचा मार्ग काढला. दोन-तीन नळ्या एकाखाली एक ठेवायच्या आणि व्हॅक्यूम ट्यूब वापरून असं सर्किट जोडायचं की सगळ्या नळ्या एकाच क्षणी वाजल्या तरच नोंद होईल. सगळ्यांतून आरपार गेला तो वैश्विक कण, बाकी सगळा गोंगाट.

१९३० साली हे सर्किट नेचर मासिकात छापून आलं. तेव्हा रॉसी होते २५ वर्षांचे. आज कॉम्प्युटरच्या चिपमध्ये ज्याला अँड गेट म्हणतात, त्याचं हे सुरुवातीचं रूप.

या सर्किटच्या जोरावर त्यांनी दाखवून दिलं की वैश्विक कण एक मीटर जाडीचं शिसंसुद्धा भेदून जातात. शिशात शिरलेल्या एका कणातून अनेक कणांचा फवारा उडतो, हेही त्यांना दिसलं. असा फवारा कसा तयार होतो याचं गणित पुढे १९३७ साली मांडलं ते आपल्या डॉ. होमी भाभांनी, वॉल्टर हाइटलर यांच्या जोडीने.

१९३२ साली रॉसी पाडुआला प्रोफेसर झाले. तिथे फिजिक्सची नवी इन्स्टिट्यूट उभी करायची जबाबदारी त्यांच्यावर आली. कित्येक वर्षं बांधकामाच्या मागे लागून त्यांनी ती उभी केली. १९३७ साली उद्घाटन झालं. १९३८ च्या एप्रिलमध्ये नोरा लोंब्रोसो यांच्याशी लग्नही झालं. सगळं मार्गी लागलं होतं.

आणि त्याच वर्षी मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदाचे कायदे आणले.

रॉसी ज्यू होते. सप्टेंबर १९३८ मध्ये त्यांना नोकरीवरून काढण्यात आलं. जी इन्स्टिट्यूट त्यांनी विटेपासून उभी केली, तिच्यात त्यांना फार काळ काम करता आलं नाही. ऑक्टोबरमध्ये नवरा-बायकोने देश सोडला.

आधी कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे, मग मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्याकडे, आणि जून १९३९ मध्ये अमेरिकेत. तिथे काही महिन्यांतच रॉसी कोलोरॅडोच्या डोंगरावर आपली उपकरणं लावून पुन्हा वैश्विक कण मोजत होते. युद्धाच्या काळात त्यांनी लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या प्रकल्पात कण मोजणाऱ्या उपकरणांचं काम सांभाळलं. १९४६ साली ते एमआयटीत प्रोफेसर झाले.

आता येऊ मूळ मुद्द्यावर.

आकाशातून येणारे एक्स-रे वातावरणात अडतात. जमिनीवरून ते दिसणं शक्यच नाही, यंत्र रॉकेटने वर न्यावं लागतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा रॉकेटमधूनच सूर्याचे एक्स-रे सापडले होते. पण ते फारच मंद. सूर्यासारखा तारा काही प्रकाशवर्षांवर असेल तर त्याचे एक्स-रे इतके क्षीण होतील की त्या वेळच्या यंत्रांना काहीच दिसणार नाही. मग खर्च कशाला करायचा, असा सरळ हिशोब होता.

रॉसी यांचं म्हणणं वेगळं होतं. हे गणित फक्त सूर्यासारख्या ताऱ्यांना लागू आहे. सूर्यासारखं नसलेलं काही वर असेल तर ते कळणार कसं? निसर्गात काय आहे हे बघितल्याशिवाय ठरवता येत नाही, हा धडा त्यांना वैश्विक किरणांनी शिकवला होता.

१९५९ साली त्यांनी हा विषय रिकार्डो जियाकोनी या २८ वर्षांच्या इटालियन तरुणाच्या डोक्यात घातला. जियाकोनी नुकतेच अमेरिकन सायन्स अँड इंजिनिअरिंग या कंपनीत लागले होते. कंपनी काढली होती रॉसी यांच्या जुन्या विद्यार्थ्याने आणि संचालक मंडळाचे अध्यक्ष होते खुद्द रॉसी.

नासाने पैसे द्यायला नकार दिला. अमेरिकेच्या हवाई दलाने दिले, पण काम होतं चंद्राचं. सूर्याच्या एक्स-रेमुळे चंद्राची जमीन उजळते का, हे शोधायचं होतं. ताऱ्यांचं नाव पुढे करून पैसे मिळत नव्हते, चंद्राच्या नावाने मिळाले.

ऑक्टोबर १९६१ मध्ये रॉकेट उडालं, पण यंत्राची झाकणं उघडलीच नाहीत. सगळं पाण्यात.

मग १८ जून १९६२. मध्यरात्रीच्या सुमारास न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स तळावरून एरोबी रॉकेट सुटलं. उंची गाठली सुमारे २२५ किलोमीटर. बघायला मिळाले जेमतेम ३५० सेकंद. तीन गायगर काउंटरपैकी दोनच चालले.

पण या वेळी यंत्रात एक खास गोष्ट होती. वैश्विक कण गायगर काउंटरमध्ये घुसून खोटी नोंद करतात, म्हणून काउंटरला आणखी एक डिटेक्टर जोडला होता. दोन्ही एकदम वाजले तर ती नोंद फेकून द्यायची. म्हणजे १९३० ची रॉसी यांची युक्ती, फक्त उलटी फिरवलेली. ज्या कणांच्या मागे त्यांनी उभं आयुष्य घालवलं, ते कण आता कचरा ठरले होते.

रॉकेट स्वतःभोवती फिरत होतं, त्यामुळे यंत्राची नजर सगळ्या दिशांनी घुमत होती. प्रत्येक फेरीत एका ठराविक दिशेला नोंदी अचानक वाढायच्या. तिथे चंद्र नव्हता. ती दिशा होती वृश्चिक राशीच्या बाजूची. शिवाय सगळ्या आकाशातून एक्स-रेची मंद झळाळीही येत होती.

डिसेंबर १९६२ मध्ये जियाकोनी, गर्स्की, पाओलिनी आणि रॉसी या चौघांच्या नावाने शोधनिबंध आला. सूर्यमालेबाहेरच्या पहिल्या एक्स-रे स्रोताला नाव मिळालं स्को एक्स-१. स्को म्हणजे स्कॉर्पियस, आपली वृश्चिक. एक्स म्हणजे एक्स-रे. आणि १ म्हणजे त्या राशीतला पहिला.

यादीतल्या नावांची पद्धत अशी सुरू झाली. हंस तारकासमूहातला सिग्नस एक्स-१ हे नाव अशाच पद्धतीने आलं, आणि तिथे कृष्णविवर असल्याचं पुढे कळलं. नंतर स्रोत इतके वाढले की राशी पुरेनात, मग आकाशातल्या जागेचे आकडेच नावात घालायला लागले.

स्को एक्स-१ नेमका कुठे आहे हे १९६६ साली ठरलं. त्या शोधनिबंधावर मुंबईच्या टीआयएफआरचे, म्हणजे भाभांनीच काढलेल्या संस्थेचे, बी. व्ही. श्रीकंठन यांचंही नाव आहे. तिथे सापडला एक क्षुल्लक दिसणारा तारा. पण तो दिसणाऱ्या प्रकाशाच्या साधारण हजारपट ऊर्जा एक्स-रेमध्ये फेकतो. सूर्याचं अगदी उलट, त्याची एक्स-रे ऊर्जा प्रकाशाच्या दहा लाखांत एक भाग. स्को एक्स-१ मध्ये एक न्यूट्रॉन तारा शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो आणि तो वायू कोट्यवधी अंश तापतो. सूर्यासारखं नसलेलं काहीतरी खरंच वर होतं.

त्यानंतर यादी वाढतच गेली. १२ डिसेंबर १९७० ला केनियाच्या किनाऱ्यावरून, एका इटालियन तळावरून उहुरू उपग्रह सुटला. त्याच्या शेवटच्या यादीत ३३९ स्रोत होते. १९७७ साली गेलेल्या हिओ-१ ने ८४२ वर नेले.

गॅमा किरणांची सुरुवात तर याहून साधी. १९६१ साली एमआयटीच्या विल्यम क्राउशार आणि जॉर्ज क्लार्क यांनी एक्सप्लोरर-११ मधून अवकाशातले गॅमा कण मोजले. हाती लागले फक्त २२. यातले क्लार्क हे रॉसी यांचे विद्यार्थी. २००८ साली गेलेल्या फर्मी दुर्बिणीभोवतीही वैश्विक कण ओळखून बाजूला काढणारं कवच आहे. ९० वर्षांपूर्वीचीच युक्ती.

रॉसी यांना नोबेल मिळालं नाही. दोन काउंटर एकदम वाजण्याच्या पद्धतीसाठी १९५४ चं नोबेल जर्मनीच्या वॉल्टर बोथे यांना मिळालं. मूळ कल्पना त्यांचीच होती, रॉसी यांनी तिला चांगलं सर्किट दिलं होतं. एक्स-रे खगोलशास्त्रासाठी २००२ चं नोबेल जियाकोनी यांना मिळालं. तेव्हा रॉसी हयात नव्हते.

२१ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये त्यांचं निधन झालं. हाकलून दिलेल्या देशाशी त्यांनी नातं मात्र तोडलं नव्हतं. एमआयटीतून निवृत्त झाल्यावर ते काही वर्षं सिसिलीतल्या पालेर्मो विद्यापीठात शिकवायला गेले. त्यांची रक्षा फ्लॉरेन्समधल्या सान मिनियातो चर्चच्या दफनभूमीत आहे. तिथून आर्चेत्रीची टेकडी दिसते.

१९९५ च्या डिसेंबरमध्ये नासाने सोडलेल्या एक्स-रे उपग्रहाला नंतर रॉसी यांचं नाव देण्यात आलं. एकेकाळी ताऱ्यांच्या एक्स-रेसाठी पैसे नाकारणारी नासा ती हीच.

मे महिन्याच्या रात्री दक्षिणेला वृश्चिक रास ठसठशीत दिसते. स्को एक्स-१ तिथेच आहे. साध्या डोळ्यांना दिसणार नाही, पण सूर्य सोडला तर आपल्या आकाशात कायम चमकणारा सगळ्यात तेजस्वी एक्स-रे स्रोत आजही तोच आहे.