फुटपाथवरून पाहिलेले सेनापती

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे सेनापती बापट उभे राहिले. त्यांचे मोठेपण सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण एकदा मी त्यांना पाहिले आहे आणि ते पाहणे मला जन्मभर पुरले आहे.

18 नोव्हेंबर 1955 चा तो दिवस. मी गिरगावात मावशीकडे राहून कॉलेजात शिकत होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र व्हावा म्हणून विधानसभेवर मोर्चा निघाला होता. मला त्यातले फारसे कळत नव्हते. मी गेले ती निव्वळ गंमत पाहायला. वह्या छातीशी धरून एका मैत्रिणीबरोबर फोर्टातल्या फुटपाथवर उभी राहिले. मोर्चाचे पुढारीपण एका वृद्ध गृहस्थांकडे होते. सहाच दिवसांपूर्वी त्यांना 75 वर्षे पूर्ण झाली होती, हे मला मागाहून कळले. या वयात यांना घरी स्वस्थ बसवत कसे नाही, एवढेच तेव्हा मनात आले. त्याचे उत्तर त्यांच्या चरित्रात मिळाले.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. घरची गरिबी, पण बुद्धी कुशाग्र. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून, शिष्यवृत्ती मिळवून ते 1904 साली विलायतेस गेले. तेथे इंग्रजी राज्याविरुद्ध निर्भयपणे बोलले आणि शिष्यवृत्ती गमावून बसले. मग पॅरिसला बाँब तयार करण्याची विद्या मिळवून ते 1908 साली मायदेशी परतले. पुढे काही वर्षे त्यांना अज्ञातवासात काढावी लागली.

भगिनींनो, बाँबची विद्या जाणणाऱ्या या पुरुषाने पुढे हाती घेतला तो झाडू! पारनेरचे रस्ते ते स्वतः झाडीत. मुलाच्या बारशाचे पहिले जेवण त्यांनी त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना वाढले. 1920 साली मुंबईत झाडूवाल्यांच्या संपाच्या पाठीशी ते उभे राहिले. जे काम घरात आपण बायकांनी आणि गावात दलितांनीच करावे असे समाजाने ठरवून टाकले होते, ते त्यांनी व्रत म्हणून पत्करले.

मुळशी पेट्यात टाटा कंपनीच्या धरणाखाली शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा 1921 साली सुरू झालेल्या सत्याग्रहात ते उतरले. धरण थांबले नाही, पण जनतेने त्यांना सेनापती केले. त्यापायी त्यांनी दीर्घ कारावास भोगला. त्या वर्षांत त्यांच्या घरची चूल कोणत्या हातांनी पेटती ठेवली असेल, याचा विचार निदान आपण तरी करावा. त्या हातांविषयी फार थोडे लिहिले गेले आहे.

15 ऑगस्ट 1947 रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकविण्याचा मान त्यांना मिळाला. दुसरा कोणी असता तर तेथे कृतार्थ होऊन थांबला असता. हे मात्र मे 1955 मध्ये गोवामुक्तीच्या सत्याग्रहींबरोबर निघाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईच्या रस्त्यावर आले.

त्या मोर्चानंतर तिसऱ्याच दिवशी, 21 नोव्हेंबरला, फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार होऊन 15 जणांचे प्राण गेले. मावशीने मला घराबाहेर पाऊल टाकू दिले नाही. मी जिला गंमत समजले होते, तिच्यासाठी माणसे प्राण देत होती! त्या रात्री मला माझ्या वह्यांची, माझ्या त्या फुटपाथची लाज वाटली. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा मी पेढे वाटले. पण मनात ती टोचणी होतीच. 28 नोव्हेंबर 1967 रोजी सेनापती गेल्याचे ऐकले तेव्हाही प्रथम आठवला तो फुटपाथच.

पुढे आमच्या वस्तीत पाण्यासाठी बायकांचा हंडा मोर्चा निघाला. कडेला नेहमीप्रमाणे बघ्यांची गर्दी होती. त्यांत वह्या छातीशी धरलेल्या दोन मुलीही होत्या. मी त्यांच्याकडे पाहून हसले आणि माझा रिकामा हंडा कमरेवर घेऊन पुढे चालू लागले. त्यांना नावे ठेवण्याचे मला कारण नव्हते. पाहता पाहताच एखादी उद्या रस्त्यावर उतरते, हे मी स्वतःवरून जाणते.