जिज्ञासू शाळामास्तर झाँ आंरी फाब्र

दक्षिण फ्रान्समधील रूएर्ग नावाच्या डोंगराळ व थंड मुलखात मालाव्हाल ही एक एकाकी शेतवाडी. पाचसहा वर्षांचा एक मुलगा तेथे आपल्या आजीआजोबांजवळ राहत असे. आईबाप अत्यंत गरीब. घरात धाकटे भावंड आलेले. तेव्हा खाणारे एक तोंड कमी व्हावे म्हणून त्याला इकडे धाडले होते. एके दिवशी हात पाठीमागे बांधून, सूर्याकडे तोंड करून उभा असता त्याच्या मनात एक शंका आली. हे एवढे तेज आपल्याला दिसते ते कशाने? तोंडाने की डोळ्यांनी? त्याने तोंड उघडे ठेवून डोळे मिटले; सूर्य नाहीसा झाला. मग डोळे उघडून तोंड मिटले. सूर्य पुन्हा हजर! एकदा पाहून त्याचे समाधान झाले नाही. त्याने पुन्हा पुन्हा तसेच करून पाहिले, आणि सूर्य डोळ्यांनीच दिसतो असा निर्णय घेतला. रात्री जेवणाच्या वेळी मोठ्या अभिमानाने त्याने आपला शोध घरात सांगितला. सारे घर हसले. आजी तेवढी त्याच्या भोळेपणाकडे पाहून प्रेमाने हसली. बाकीच्यांचे हसणे निराळे होते.

त्यानंतर काही दिवसांनी सायंकाळच्या वेळी जवळच्या झुडपातून एक बारीक किणकिण त्याच्या कानी येऊ लागली. पाखराचे पिलू असेल काय? मुलगा दबा धरून बसला. जरा पान हलले की आवाज बंद होई. दुसऱ्या दिवशी बसला, तिसऱ्या दिवशी बसला, आणि अखेर त्याने गाणारा हस्तगत केला. तो पक्षी नव्हता, एक नाकतोडा होता! नाकतोडा गातो हे त्याला स्वतःच्या पाहण्यातून कळले. परंतु या खेपेस त्याने ते कोणालाच सांगितले नाही. पुन्हा हसतील ही भीती!

विद्यार्थी मित्रहो, 1823 च्या डिसेंबरात सॅं-लेआँ या खेड्यात जन्मलेला हा मुलगा म्हणजेच पुढे कीटकांच्या जीवनाचा थोर अभ्यासक म्हणून जगाने ओळखलेले झाँ आंरी फाब्र होत. चार्ल्स डार्विन यांनी त्यांच्या निरीक्षणशक्तीची मुक्त कंठाने वाखाणणी केली आहे. पण आम्ही पेशाने शिक्षक; म्हणून ही गोष्ट वाचताना आम्हांला त्या मुलापेक्षा त्या हसणाऱ्यांचाच विचार अधिक सुचतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातील एका मुलाने विचारले की गोगलगाय पाठीवरचे घर आणते कोठून? वर्ग हसला, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. तो मुलगा नंतर बरेच दिवस काही विचारीनासा झाला. फाब्र यांचे चरित्र आम्ही हाती घेतले ते त्याच सुमारास.

सात वर्षांचा झाल्यावर मुलगा गावी शाळेत आला. शाळा कसली, एकच खोली! तीच स्वयंपाकघर, तीच निजावयाची जागा, आणि तीच पाठशाळा. गुरुजी पिएर रिकार हे फाब्रचे धर्मपिता. ते गावचे न्हावीही होते आणि देवळाची घंटाही तेच वाजवीत. मधूनच दार उघडे राहिले तर डुकराची पिले आत शिरत आणि मुलांचा पाठ तेथेच संपे. अक्षरे तो शिकला ती वडिलांनी आणून दिलेल्या प्राण्यांच्या चित्रपटावरून. आणखी एक गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. त्या मुलखातील घराघरांत बोलली जाणारी ऑक्सिटन भाषा निराळी आणि शाळेतली फ्रेंच निराळी. आम्ही घरी कोंकणी बोलतो व वर्गात मराठीतून शिकवितो. तेव्हा एका भाषेत पाहिलेले दुसऱ्या भाषेत सांगताना मुलाला काय होते, हे आम्हांला कोणी समजावून द्यावयास नको.

पुढची वर्षे हलाखीची गेली. वडिलांनी एकामागून एक गावी कॉफीची दुकाने थाटली आणि ती एकामागून एक बुडाली. मुलाने जत्रेत लिंबे विकली, लोहमार्गाच्या कामावर मजुरी केली. अशा स्थितीत 1840 मध्ये आव्हिन्याँ येथील अध्यापक विद्यालयाची शिष्यवृत्ती त्याने परीक्षा देऊन पटकावली. तेथे रसायनशास्त्राचा एकच प्रयोग दाखविला गेला आणि तो भयंकर ठरला. प्राणवायू तयार करीत असता काचपात्र फुटले, उकळते गंधकाम्ल चोहोकडे उडाले, आणि एका विद्यार्थ्याच्या तोंडावर पडले. फाब्रने त्याला धरून अंगणातील पाण्याखाली नेले व त्याचा चेहरा धुतला, म्हणून डोळे बचावले. प्राणवायू मात्र त्या दिवशी कोणीच पाहिला नाही.

1842 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, फाब्र कार्पांत्रास येथे प्राथमिक शिक्षक झाले. वेतन वर्षाला 700 फ्रँक. वर्ग म्हणजे तळघरासारखी ओलसर, काळोखी खोली, आणि तीत लहानमोठी सुमारे पन्नास मुले. त्यांतली पुष्कळशी शेतकऱ्यांची व कारागिरांची. यांना पुढे नांगर धरावयाचा, कातडी कमवावयाची. मग माती म्हणजे काय, आंबणे म्हणजे काय हे त्यांना का कळू नये? फाब्र यांनी रसायनाचे पाठ सुरू केले. ज्या प्राणवायूच्या प्रयोगाने आव्हिन्याँला अनर्थ केला, तोच त्यांनी प्रथम निवडला. स्वतः त्यांनी तो कधी यशस्वी झालेला पाहिला नव्हता! मुलांना दूर बसवून धडधडत्या छातीने त्यांनी काचपात्र तापविले. विझत आलेली मेणबत्ती त्या वायूत पुन्हा झळाळून पेटली, तेव्हा मुलांइतकेच गुरुजीही हरखले.

याच काळात एक तरुण त्यांच्याकडे बीजगणित शिकावयास आला. फाब्र यांना बीजगणिताचे अक्षर येत नव्हते. तरीही त्यांनी होकार देऊन दिवस नेमला. एका सहकाऱ्याच्या खोलीतून त्याच्या नकळत पुस्तक आणले आणि रात्र जागून शिष्याच्या एक पाऊल पुढे राहण्याची व्यवस्था केली. (पुस्तक असे आणणे योग्य की अयोग्य, याचा निर्णय वाचकांनीच करावा. आम्ही त्याची शिफारस करीत नाही.) असे करीत दोघेही बीजगणित शिकले.

परंतु त्यांच्या आयुष्याला खरे वळण लागले ते जमीनमोजणीच्या पाठांत. मे महिना आला की आठवड्यातून एकदा फाब्र मुलांना घेऊन काळोख्या वर्गातून माळावर जात. साखळी, खुंट, बाण, काटकोन्या हे सर्व त्या तुटपुंज्या पगारातून स्वतः विकत घेतलेले. शाळेने दिले ते तळहाताएवढे एक कोन मोजण्याचे यंत्र. गोट्यांनी भरलेला, रानतुळशीसारख्या सुगंधी झुडपांचा तो माळ. पहिल्याच दिवशी त्यांच्या ध्यानात आले की काहीतरी बिनसले आहे. खुंट रोवावयास दूर धाडलेला मुलगा वाटेतच थांबे, खाली वाके, उठे, पुन्हा वाके. खुंटाची त्याला शुद्धच नसे. बाण गोळा करणारा दुसरा बाणाऐवजी गोटा उचली. तिसरा एक काडी तोंडात धरून चोखीत असे. चौकोन कसा तो जमेना.

दुसरा एखादा मास्तर असता तर त्याने छडी काढली असती. फाब्र जवळ गेले आणि त्यांनी पाहिले. त्या माळावर एक मोठी काळी मधमाशी गोट्यांवर मातीची घरटी बांधते. गवंड्यासारखे तिचे काम! मुलांना ती पूर्वीपासून ठाऊक होती. घरटे फोडून ती काडीने आतला मध चोखीत. फाब्र यांनी मध चाखून पाहिला, त्यांना तो आवडला, आणि गुरुजी मुलांबरोबर घरटी शोधू लागले. भूमितीची आकृती थोडा वेळ थांबली. त्या दिवशी शिकविणारी मुले होती आणि शिकणारे मास्तर. ही माशी कोण, तिचे नाव काय, हे कळावे म्हणून त्यांनी कीटकांवरील एक मोठा ग्रंथ विकत घेतला. त्याची किंमत महिन्याच्या पगाराएवढी. घरात पत्नी होती, चूल होती. तो महिना कसा निभला असेल, याची कल्पना आम्ही शिक्षक करू शकतो.

पुढे 1849 मध्ये ते कॉर्सिका बेटावर आझाक्सियो येथे भौतिकीचे शिक्षक झाले. तेथे मोकँ-ताँदाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकदा जेवणाच्या टेबलावर, पाण्याने भरलेल्या बशीत, साधी कात्री व सुया यांनी एक गोगलगाय चिरून तिचे एकेक इंद्रिय त्यांना दाखविले. प्राणिशास्त्राचा दुसऱ्या कोणाकडून मिळालेला त्यांचा हा एकुलता एक पाठ. (आमच्या त्या विद्यार्थ्यासाठी येथेच सांगून टाकतो: गोगलगाय घर आणीत नाही. इवलासा शंख घेऊनच ती अंड्यातून बाहेर पडते आणि अंगातून पाझरणाऱ्या चुन्याने त्याची कड वाढवीत जाते.)

1853 पासून फाब्र आव्हिन्याँच्या विद्यालयात होते. रजेच्या दिवसांत गांधीलमाश्या, शेणकिडे यांच्या मागे उन्हातान्हात तासन्‌तास बसत. 1865 मध्ये लुई पाश्चर त्यांच्याकडे आले. रेशमाच्या किड्यांत रोगाची साथ पसरली होती आणि तिचा उपाय शोधावयास सरकारने पाश्चर यांना धाडले होते. पाश्चर यांनी रेशमाचा कोश तोपर्यंत हातात घेतला नव्हता! फाब्र यांनी दिलेला कोश त्यांनी कानाशी नेऊन हलविला आणि आत काही आहे काय, असे विचारले. किड्याचा कोश होतो, कोशाचे पाखरू होते, हेही त्यांना नवे होते. फाब्र चकित झाले. पण हसले नाहीत. पुढे काही वर्षांतच पाश्चर यांनी निरोगी अंडी निवडण्याची रीत दाखवून दिली. यावरून फाब्र यांनी स्वतःसाठी एक नियम केला: पुस्तके थोडी वाचावी, आणि आपल्याला काही ठाऊक नाही असे धरून थेट कीटकालाच विचारावे. या नियमाने त्यांना पुष्कळ दिले आणि क्वचित दगाही दिला. उत्क्रांतीचा सिद्धांत त्यांनी अखेरपर्यंत मानला नाही. रातकिड्यासारख्या कर्कश गाणाऱ्या सिकाडा कीटकांच्या झाडाखाली त्यांनी एकदा गावच्या तोफा उडवून पाहिल्या. गाणे थांबले नाही, म्हणून हा कीटक बहिरा असावा असा तर्क त्यांनी केला. सिकाडांना कान असतात, हे आज आपण जाणतो.

शिक्षणमंत्री व्हिक्टर द्युरुई यांच्या प्रेरणेने आव्हिन्याँत प्रौढांसाठी सायंकाळचे विनामूल्य वर्ग निघाले, आणि सॅं-मार्स्यालच्या जुन्या देवळात फाब्र विज्ञान शिकवू लागले. मुलीही ऐकावयास येत. फुलात पराग कसा पडतो व फळ कसे धरते, हे त्यांनी सर्वांसमक्ष फुले उलगडून दाखविले. मुलींना असले शिकवितात यावरून गावात मोठा गहजब उडाला. 1870 मध्ये फाब्र यांस नोकरी सोडावी लागली. ज्या घरात ते भाड्याने राहत त्याच्या दोन वृद्ध मालकिणींनी त्यांना घर खाली करावयास लावले. पाच मुलांचा संसार, पदरी पैसा नाही, पेन्शन नाही. अशा वेळी आव्हिन्याँत राहणाऱ्या जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्ववेत्त्याने 3000 फ्रँक उसने दिले. पुस्तकांच्या उत्पन्नातून फाब्र यांनी पुढे ते फेडले.

कारण आता लेखणी हीच त्यांची शाळा झाली होती. ऑरांज येथे राहून त्यांनी मुलांसाठी पुस्तकामागून पुस्तक लिहिले: आकाशावर, पृथ्वीवर, शेतीच्या शत्रूंवर व मित्रांवर. त्यांतील काही पुस्तकांत पॉलकाका नावाचे गृहस्थ आहेत. मुले विचारतात आणि काका त्यांना मुंग्यांच्या वारुळाशी, विजेच्या गडगडाटाशी नेऊन सांगतात. त्या मुलांची नावे एमील, झ्यूल आणि क्लेर. तीच फाब्र यांच्या स्वतःच्या मुलांची. झ्यूल हा त्यांचा उजवा हात. फुले व कीटक यांचे वेड त्याला बापासारखेच. 1877 मध्ये सोळाव्या वर्षी तो वारला. फाब्र यांनी पुढे तीन गांधीलमाश्यांना त्याचे नाव दिले.

1879 मध्ये सेरिन्याँ या खेड्यात त्यांनी एक ओसाड माळ घेतला. कोणाला नको असलेला, दगडांचा व काट्यांचा; पण माश्यांना व किड्यांना हवासा. त्याला त्यांनी आर्मास, म्हणजे पडीक जमीन, हेच नाव ठेवले. 1879 ते 1907 या काळात त्यांच्या कीटकविषयक आठवणींचे दहा खंड प्रसिद्ध झाले. बराचसा मजकूर त्यांनी हातरुमालाएवढ्या एका लहानशा मेजावर लिहिला. कीर्ती फार उशिरा आली. 1910 मध्ये गावात त्यांचा गौरवसमारंभ झाला तेव्हा ते 86 वर्षांचे होते. 11 ऑक्टोबर 1915 रोजी त्याच घरी त्यांचे देहावसान झाले. ते घर व तो माळ आज संग्रहालय म्हणून जतन केलेला आहे.

त्या घरातील एका रात्रीची गोष्ट सांगावयाची राहिली. मे महिन्याची सहा तारीख. सकाळी मोरडोळ्यांच्या मोठ्या पतंगाची एक मादी कोशातून बाहेर आली होती, आणि फाब्र यांनी ती तारेच्या जाळीखाली सहज ठेवून दिली होती. रात्री नऊच्या सुमारास घरात निजानीज होत असता शेजारच्या खोलीत एकच धडपड सुरू झाली. लहानगा पॉल अर्धवट कपडे उतरलेल्या स्थितीत खुर्च्या पाडीत, उड्या मारीत धावत होता आणि बापाला हाका मारीत होता की लवकर या, पाखरांएवढाले पतंग खोलीत शिरले आहेत!

बाप आला. त्याने पाहिले, मुलाला कपडे चढवावयास सांगितले आणि मेणबत्ती हाती घेऊन त्याला बरोबर घेतले. स्वयंपाकघरात मोलकरीण पदराने वटवाघळे हाकलीत होती. ती वटवाघळे नव्हती, तेच पतंग होते. दोघे अभ्यासिकेत शिरले. जाळीभोवती प्रचंड पतंग फडफडत होते, छताला आदळत होते. एकाच्या पंखाने मेणबत्ती विझली. पॉलने बापाचा हात घट्ट धरला. त्या रात्री सारे मिळून सुमारे चाळीस नर आले, एका मादीसाठी, काळोखातून, कोठून कोठून. त्यांना बोलावले कोणी? या प्रश्नापाठीमागे फाब्र पुढे अनेक वर्षे राहिले. कधी मादीला घट्ट झाकणाच्या डबीत ठेवून पाहिले, कधी खोलीत डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास भरून पाहिला. माणसाच्या नाकाला न कळणारा काही गंध असावा, इथवर ते येऊन पोचले. असे गंधद्रव्य रेशमाच्या पतंगापासून शुद्ध करून दाखविण्यात 1959 साली जर्मनीत ब्यूटेनांट यांना यश आले.