अबुल कासिम अल-जहरावी : कॅन्सर लवकर ओळखा, असं हजार वर्षांपूर्वी सांगणारे हकीम

आपल्या इतिहासातल्या थोर हकिमांची नावं आम्ही अभिमानाने घेतो. पण त्यांनी सांगून काय ठेवलं, हे घरात फारसं बोललं जात नाही. म्हणून आज अबुल कासिम अल-जहरावी यांच्याविषयी.

त्यांचा जन्म इ.स. 936 च्या सुमारास स्पेनमधल्या कुर्तुबाजवळ, मदीनतुज्जहरा या शाही नगरात झाला. त्यावरूनच ते 'जहरावी'. आयुष्यभर रुग्ण तपासून इ.स. 1000 च्या सुमारास त्यांनी 'अत्-तसरीफ' हा 30 भागांचा ग्रंथ पूर्ण केला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे 200 अवजारांची चित्रं आहेत. बाराव्या शतकात जेरार्ड ऑफ क्रेमोना यांनी तो भाग लॅटिनमध्ये नेला आणि पुढे कित्येक शतकं युरोपचे डॉक्टर तो अभ्यासत राहिले. 1013 च्या सुमारास जहरावींचं निधन झालं.

जिभेखालच्या गाठीबद्दल त्यांनी काय लिहिलं बघा. गाठ पांढुरकी आणि आत पाणी असेल, तर कापून काढावी. काळपट, कडक आणि बधिर असेल, तर तो कॅन्सर; तिला हात लावू नये. एकूण कॅन्सरबद्दलही त्यांचं मत स्पष्ट होतं. गाठ नवी, लहान आणि मुळासकट निघण्याजोगी असेल तरच शस्त्र उचलावं. जुना, वाढलेला कॅन्सर आपल्याला कधी बरा करता आला नाही आणि दुसऱ्या कुणी केलेलाही पाहिला नाही, हे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलं. एवढ्या मोठ्या हकिमाचा हा प्रामाणिकपणा आम्हाला फार मोलाचा वाटतो.

आज उपचार खूप पुढे गेलेत, पण आजार किती पसरेल, रुग्ण वाचेल का, हा प्रश्न तोच आहे. आता डॉक्टर जिभेवरच्या गाठीची नुसती रुंदी नाही, खोलीही मिलिमीटरमध्ये मोजतात. गाठ 2 सेंटीमीटरपर्यंत आणि खोली 5 मिलिमीटरपर्यंत असेल, तरच ती पहिल्या पायरीची. खोली वाढली की मानेतल्या गाठींमध्ये कॅन्सर जाण्याचा धोका वाढतो, हाताला काही लागत नसलं तरी. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 2015 मध्ये तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बहुतेक रुग्ण जिभेच्या कॅन्सरचे होते. पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठीही काढलेल्यांपैकी 80 टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. त्या गाठी नंतर, आजार दिसल्यावर काढलेल्यांमध्ये हे प्रमाण 67.5 टक्के होतं.

तंबाखू, गुटखा, मिश्री आपल्याही घरांत आहे. ती सोडायलाच हवी. आणि जिभेवरचा फोड, पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. अम्मी असो की अब्बा, डॉक्टरांकडे घेऊन जा.