तबरीझचा हट्टी न्यायाधीश

१९१० साली हॅलेचा धूमकेतू दिसला, तेव्हा इराणच्या तबरीझ शहरातला अहमद कसरवी हा एकोणीस वर्षांचा मुल्ला बेचैन झाला. मदरशात शिकलेल्या विद्येत या शेपटीवाल्या ताऱ्याचा उलगडा नव्हता. तो एका अरबी मासिकात मिळाला आणि युरोपीय विज्ञानाची गोडी लागली. पगडी सुटली. पुढे अमेरिकन मिशनच्या शाळेत मुलांना अरबी शिकवता शिकवता तो स्वतः इंग्रजी शिकला.

आपल्याकडे कसरवी फारसे कुणाला ठाऊक नाहीत. त्यांची मातृभाषा तुर्की. पण आझरबैजानात पूर्वी आझरी नावाची इराणी भाषा नांदत होती, हे त्यांनी एका छोट्या पुस्तिकेत साधार मांडले. इराणच्या घटनात्मक क्रांतीचा त्यांचा इतिहास तर आजही अभ्यासकांना टाळता येत नाही.

पोटापाण्याला न्यायखाते होते. खुद्द रझाशहाच्या दरबाराविरुद्ध जमिनीचा दावा आला. कसरवींनी निकाल छोट्या जमीनमालकांच्या बाजूने दिला आणि नोकरी गेली. बँकेच्या वसुलीपायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या माझ्यासारख्याला अशा निकालाची किंमत चांगली कळते. गंमत म्हणजे १९४१ मध्ये शहा पदच्युत झाल्यावर त्याच्या बदनाम पोलीसप्रमुखाचे वकीलपत्र याच गृहस्थांनी घेतले. आरोपी कितीही नावडता असो, त्याला वकील हवाच, असे त्यांचे मत.

तेहरान विद्यापीठात ते इतिहास शिकवत. फारसी कवींवरची टीका मागे घेतली असती, तर प्राध्यापकपद पदरात पडते. घेतली नाही. मात्र हा हट्ट पुढे फार ताणला गेला. हाफिज-सादी माणसाला आळशी करतात, म्हणून दर हिवाळ्यात एक दिवस ते अनुयायांसह पुस्तके जाळू लागले. जुनी कागदपत्रे चाळून इतिहास उभा करणाऱ्याने पुस्तकांना काडी लावावी, हे काही केल्या माझ्या गळी उतरत नाही.

शिया पंथाच्या रूढींवरही त्यांनी कडक लिहिले. १९४५ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, बचावले. धर्मनिंदेचा खटला मात्र उभा राहिलाच. ११ मार्च १९४६ रोजी त्याच्या चौकशीसाठी ते तेहरानच्या न्यायमंदिरात आले असता फिदायान-ए-इस्लामच्या माणसांनी त्यांना आणि त्यांच्या सहाय्यकाला भर कचेरीत ठार केले. वय अवघे पंचावन्न.

मारेकरी सुटले. त्यांतल्याच हुसेन इमामीने १९४९ मध्ये दरबारमंत्री हझीर यांना गोळ्या घातल्या. या वेळी त्याला फाशी झाली.