कल्याणच्या डॉ. आनंदीबाई

स्मरणिकेसाठी आरोग्यावर काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला प्रथम आठवल्या त्या डॉ. आनंदीबाई जोशी. मानपाड्याहून कल्याण ते किती लांब! आनंदीबाईंचे माहेर तिथलेच.

जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव बिजवर, सुमारे वीस वर्षांनी मोठे, पोस्टात नोकरीला. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि त्यापायी त्यांनी तिला मारझोडही केली. गौरवाच्या लेखांत हे सहसा गाळतात. मला ते गाळावेसे वाटत नाही. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि मुलगा दहा दिवसांत गेला. वेळेवर औषधोपचार मिळते तर तो वाचता, ही रुखरुख त्यांना लागून राहिली. परपुरुषापुढे दुखणे सांगण्यापेक्षा ते अंगावर काढणाऱ्या बायका घरोघर होत्या. त्यांच्यासाठी आपण डॉक्टर व्हावे, असे या मुलीने ठरविले.

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. तेथे आनंदीबाईंची प्रकृती ढासळली. डोके सतत दुखे, मधूनमधून ताप येई, कधी धाप लागे. अमेरिकेतील त्यांच्या स्नेही कार्पेंटरबाई यांनी तिकडून औषधे पाठविली, पण गुण आला नाही. तशाच स्थितीत एप्रिल १८८३ मध्ये, अठराव्या वर्षी, पतीवाचून त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या.

भगिनींनो, या धापेपाशी मी जरा थांबते. आज आपल्या देशात सर्वांत जास्त माणसे जातात ती हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी, आणि बायकाही त्याला अपवाद नाहीत. छातीत जोराची कळ आली तर घरचे धावाधाव करतात. पण बायकांत पुष्कळदा नुसती धाप, विलक्षण थकवा, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे एवढेच होते. हळदीकुंकवाला दोन जिने चढून आलेली बाई दम खात बसली, की पित्त झाले असेल किंवा वय झाले म्हणून आपण तिच्या हाती सरबत देतो. तिचा रक्तदाब कोणी मोजलेला असतो का?

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंनी प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. कडाक्याच्या थंडीतही शाकाहार व लुगडे सोडले नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या, पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली गेली.

परंतु क्षयाने घर केले होते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली, म्हणजे आनंदीबाईंच्या प्रयाणाच्या आदल्याच वर्षी दाखवून दिला होता. त्याला मारणारे स्ट्रेप्टोमायसीन सापडायला मात्र १९४३ साल उजाडावे लागले. आज क्षय सहा महिन्यांच्या नियमित औषधाने बहुधा पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात ते औषध फुकट मिळते, आणि तरीही २०२३ या एका वर्षात आपल्या देशात अंदाजे तीन लाखांवर माणसे त्याने गेली.

१८८६ च्या अखेरीस आनंदीबाई स्वदेशी परतल्या त्या अंथरूण धरूनच. कोल्हापूरच्या जागेवर त्यांना रुजू होता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर उरला होता. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली; न्यूयॉर्क राज्यातील पॉकीप्सी येथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती आहे.