कलामहर्षी बाबूराव पेंटर

१९२० सालच्या फेब्रुवारी महिन्यात पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात ‘सैरंध्री’ नावाचा एक मूकपट लागला. कथा महाभारतातील, लहानथोरांना ठाऊक असलेली. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीवर कीचकाची पापी दृष्टी पडते आणि भीम त्याचा वध करतो. पुराणात किंवा कीर्तनात ही कथा ऐकताना श्रोते रंगून जात, पण कोणी भीत नसे. पडद्यावर मात्र निराळेच घडले. भीमाने कीचकाला धरले, आणि तो वधाचा प्रसंग पाहता पाहता प्रेक्षागृहातून किंकाळ्या उठू लागल्या. कित्येकांना मूर्च्छा आली. समोर रक्तमांसाचे कोणी नाही, पांढऱ्या कापडावर हलणारा काळापांढरा उजेड तेवढा आहे, याचे भान कोणाला राहिले नाही. हे दृश्य इतके भीषण ठरले की पुढे ते चित्रपटातून काढून टाकावे लागले.

ही भीती ज्याने निर्माण केली, त्या कलावंताने अजून वयाची तिशीही गाठलेली नव्हती. त्याचे नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. पण सारा महाराष्ट्र त्यांना बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखतो.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. घराणे कारागिरांचे. लाकूड, धातू, माती, रंग या सर्वांशी त्या घराची पिढीजात ओळख होती. चित्रकलेचे रीतसर शिक्षण बाबूरावांना मिळाले नाही. पाहणे आणि करून पाहणे हीच त्यांची शाळा. आनंदराव हे त्यांचे बंधू, नात्याने चुलत परंतु जिव्हाळ्याने सख्ख्याहून अधिक. दोघे मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्या काळी संगीत नाटकांचा मोठा बहर होता. राजवाडा, अरण्य, नदीचा घाट यांचे पडदे या बंधूंच्या कुंचल्यातून उतरले, की प्रेक्षक नट येण्यापूर्वी पडद्यालाच टाळ्या देत. ‘पेंटर’ हे नाव त्यांना या उद्योगामुळेच पडले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. पडदे रंगविणाऱ्या या दोघा भावांना त्यात एक नवाच पडदा दिसला. त्यांच्या पडद्यावरील नदी स्थिर होती. या पडद्यावरील माणसे चालत होती. चित्रपट पाहून हजारो लोक थक्क होऊन घरी गेले. पेंटर बंधूंना मात्र झोप येईना. हे घडते कसे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. त्यांनी चित्रे दाखविण्याचे एक यंत्र मिळविले, इतरांचे चित्रपट आणून ते कोल्हापुरात दाखविले, आणि दाखविता दाखविता ते बारकाईने पाहिले. असे पाहणे फार थोड्यांना साधते.

पण चित्रपट घ्यायचा तर कॅमेरा हवा. तो परदेशात तयार होई आणि त्याची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. तेव्हा कॅमेरा आपणच करावयाचा, असे या भावांनी ठरविले. वाचताना हे सोपे वाटते. पण त्या यंत्राचे काम किती नाजूक असते ते ध्यानात घेतले पाहिजे. छिद्रे पाडलेली फीत दात्यांनी पुढे ओढायची, भिंगासमोर ती क्षणभर अगदी निश्चल ठेवायची, तेवढ्यात झडप उघडून प्रकाश आत घ्यायचा, झडप मिटताच फीत पुन्हा पुढे सरकवायची. आणि हे सर्व हाताने दांडा फिरवून एका सेकंदात सोळा-सोळा वेळा! एक चाक केसभर चुकले तरी चित्र थरथरू लागते.

हे काम चालू असतानाच १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांवर आभाळ कोसळले. त्या अर्धवट यंत्राकडे पाहणेही त्यांना जड गेले असेल. तरी त्यांनी ते अडगळीत टाकले नाही. विष्णुपंत दामले यांच्यासारखा कुशल सहकारी त्यांच्याबरोबर होता. दोघांनी मिळून १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला. तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल दिले, छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय लाभला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. ‘सैरंध्री’ हा त्या कंपनीचा पहिला पुरा झालेला चित्रपट, आणि तो या घरी घडविलेल्या कॅमेऱ्याने टिपलेला होता.

त्यात भीम झाले होते बाळासाहेब यादव आणि कीचक झाले होते झुंझारराव पवार. स्त्रियांची कामे स्त्रियांनीच करावीत असा बाबूरावांचा आग्रह होता. त्या काळी चित्रपटात काम करणे स्त्रीला हीनपणाचे मानले जाई. तरी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी पुढे आल्या. पडद्यावर त्यांना कमलादेवी आणि सुशीलादेवी ही नावे मिळाली. कीचकाच्या कथेला त्या दिवसांत आणखी एक धार होती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले, तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झनला ओळखले, आणि १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. म्हणून दहा वर्षांनी पडद्यावर कीचक मरताना पाहून लोक नुसते घाबरलेच असतील असे नाही. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला लोकमान्य निवर्तले.

बाबूरावांची कामाची रीत चित्रकाराची होती. पात्रांचा पोशाख, उभे राहण्याची ढब, मागील कमानी, हे सर्व ते आधी कागदावर रेखाटीत. रंगविलेल्या सपाट पडद्यांवर आयुष्याची सुरुवात करणाऱ्या या माणसाने चित्रपटात तेच पडदे काढून टाकले आणि त्यांच्या जागी भरीव देखावे उभारले. पूर्वी चित्रीकरण उन्हाच्या भरवशावर चाले. हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवरून केलेल्या ‘सिंहगड’ या १९२३ च्या चित्रपटात त्यांनी विजेचे दिवे वापरून रात्र दाखविली. उजेड कोठे पाडावा हे पुष्कळांना कळते. काळोख कोठे ठेवावा हे बाबूरावांना कळत होते.

त्यांची ही दृष्टी सर्वांत अधिक प्रगटली ती १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये. नारायण हरि आपटे यांनी लिहिलेल्या या कथेत कीचक नाही, राक्षस नाही, शस्त्र नाही. आहे तो एक गरीब शेतकरी आणि एक सावकार. सावकाराच्या कपटाने जमीन जाते आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणीत राबू लागतो. या तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. पौराणिक चमत्कारांना सरावलेल्या पडद्यावर तोवर असे काही क्वचितच आले होते. कर्जाची वही ज्यांच्या घरात शिरली आहे अशा बिलोली-देगलूरकडील कोरडवाहू शेतकऱ्यांनाही ही आपल्याच शिवेवरची हकिकत वाटली असती. परंतु कीचकाला पाहून किंचाळणारे प्रेक्षक या चित्रपटाकडे फारसे वळले नाहीत. त्याला पैसा मिळाला नाही. एवढे असूनही बाबूरावांना त्या कथेचा मोह सुटला नाही. बोलपटांचे युग आल्यावर १९३६ साली त्यांनी ती पुन्हा पडद्यावर आणली.

दरम्यान दिवस पालटले होते. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम हे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले सहकारी कंपनीतून बाहेर पडले आणि १९२९ साली त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. प्रभातची कीर्ती पुढे देशभर पसरली. महाराष्ट्र फिल्म कंपनी मात्र बंद पडली. १९३१ साली पडदा बोलू लागला. बाबूरावांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे काही बोलपट केले, ‘लोकशाहीर राम जोशी’ या १९४७ च्या चित्रपटाच्या दिग्दर्शनात शांतारामांबरोबर भाग घेतला. पण त्यांचे मन अधिक रमले ते चित्रांत आणि शिल्पांत. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई, आणि न जळली तरी वर्षांमागून वर्षे डब्यात पडून तिची भुकटी होई. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतील बोटांवर मोजण्याइतके आज उरले आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले, तोवर फार उशीर झाला होता. बाबूरावांच्या ‘मुरलीवाला’सारख्या एखाददुसऱ्या मूकपटाची फीत तेवढी हाती लागली. ‘सैरंध्री’ गेला. ज्या कीचकवधाने लोकांची शुद्ध हरपली, तो कसा घेतला होता हे आता कोणालाही पडद्यावर पाहता येणार नाही.

मूक ‘सावकारी पाश’ही नष्ट झाला. पण चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी तो पाहिला होता, आणि पुढे त्याच कथेवरील बोलपटातील एक दृश्य पुष्कळ वर्षांनंतरही त्यांच्या मनातून गेले नव्हते. एक उदास झोपडी, तिच्यावर अगदी मंद उजेड, आणि त्या काळोखात एका कुत्र्याचे रडणे.