बारा महिन्यांच्या ताटल्या

वाटणीपत्रे वाचण्याची मला खोड आहे. छत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. तारणाला येणाऱ्या घराच्या कागदांत वाटणीपत्र हमखास असे. बाकीचे अधिकारी शेवटच्या पानावरचा शिक्का बघून फाईल मिटत, मी पहिल्या ओळीपासून वाचत बसे. कुणाच्या वाट्याला माडी, कुणाला परसातली विहीर, कुणाला नुसतीच पितळेची भांडी. एका घराची अख्खी गोष्ट तीन-चार पानांत सापडते. त्यामुळेच असेल, पण ज्या जपानी कुंभाराविषयी आज लिहायचे आहे, त्याच्या ताटल्यांच्या आधी माझ्या मनात भरली ती त्याच्या घरची वाटणी.

साल १६८७, गाव क्योतो. ओगाता सोकेन नावाचे कापडाचे बडे व्यापारी वारले. पेढीचे नाव कारिगानेया. उंची किमोनो शिवून द्यावेत ते याच पेढीने, अशी तिची ख्याती. शोगुनची मुलगी आणि सम्राटाची राणी असलेली तोफुकुमोन-इन ही पेढीची सर्वांत मोठी गिऱ्हाईक. ती १६७८ साली गेली आणि धंद्याला ओहोटी लागली. दुसरे दुखणे आतले होते. पेढीने सरदारांना, म्हणजे दाइम्योंना, मोठमोठ्या रकमा कर्जाऊ दिल्या होत्या आणि त्या परत येत नव्हत्या. ज्याच्या दारात कमरेला तलवार लावलेले शिपाई उभे, त्याच्यावर नोटीस कोण बजावणार? बुडीत खाते म्हणजे काय, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला कारिगानेयाचे पुढे काय झाले हे सांगायला नको.

तरीही सोकेनने मुलांसाठी बरेच मागे ठेवले. थोरल्याकडे पेढी गेली. दुसरा मुलगा कोरिन एकोणतीस वर्षांचा, तिसरा चोवीस वर्षांचा. या दोघांना घरे आणि पैसा मिळाला. तिसऱ्याच्या वाट्याला आणखी दोन गोष्टी आल्या : एका चिनी झेन भिक्षूच्या हस्ताक्षराचा पट आणि पुस्तके. या तिसऱ्या मुलालाच जग पुढे केन्झान म्हणून ओळखू लागले.

कोरिनने आपला वाटा कसा उडवला ते तपशीलवार ठाऊक आहे, कारण त्याचा एक मुलगा कोनिशी नावाच्या घराण्यात दत्तक गेला आणि त्या घराने कागद जपून ठेवले. नाटके, कपडे, मित्र, बायका. हा हा म्हणता घरे गेली, वडिलार्जित चीजवस्तू गहाण पडल्या, सावकार झाले, आणि अखेर कोरिनने धाकट्या भावापुढे हात पसरला. धाकट्याने पैसे दिले. चार शब्दही सुनावले.

धाकटा अगदी निराळ्या मातीचा. वडील गेल्यावर दोनच वर्षांत, १६८९ मध्ये, त्याने शहराच्या वायव्येला निन्नाजी या मोठ्या मठाजवळ एक लहानसे घर बांधले आणि त्याला शांततेचा अभ्यास करण्याची जागा अशा अर्थाचे नाव दिले. वय सव्वीस! या वयात आपल्याकडची मुले नोकरीत कायम होण्याची वाट बघत असतात. तो तिथे चिनी कविता वाचत होता, झेन गुरूकडे जात होता, चहाचा अभ्यास करत होता. जवळच निन्नाजीच्या दारात नोनोमुरा निन्सेई या थोर कुंभाराची भट्टी होती. चहाच्या भांड्यांवर रंगीत फुले उमलवण्यात निन्सेईचा हात धरणारा कुणी नव्हता. श्रीमंत घरातल्या या पुस्तकी तरुणाला मातीचा नाद लागला तो तिथे.

१६९४ मध्ये निजो त्सुनाहिरा या दरबारी उमरावाने त्याला नारुताकी इथे जागा दिली. १६९९ मध्ये निन्सेईच्या घराण्याने आपल्या कृतींची वही त्याच्या हाती सोपवली आणि त्याच वर्षी त्याने स्वतःची भट्टी पेटवली. जागा राजधानीच्या वायव्येला म्हणून भट्टीचे नाव केन्झान, म्हणजे वायव्येचा डोंगर. भांड्यावर तो हेच नाव ठसठशीत लिही. भट्टीचे नाव पुढे माणसालाच चिकटले.

आता ऋतूंकडे येतो. बँकेच्या नोकरीत मला तीनच ऋतू ठाऊक होते : खरीप, रब्बी आणि मार्चअखेर. जपानी चहाच्या खोलीत मात्र वर्षाचे फार बारीक तुकडे पडतात. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत जमिनीत खोदलेल्या चुलीवर पाणी तापते, मे ते ऑक्टोबर वरती ठेवलेल्या शेगडीवर. थंडीत चहाचा वाडगा उभट आणि खोल, ऊब टिकावी म्हणून. उन्हाळ्यात तोच पसरट, वाफ लवकर जावी म्हणून. भांड्यावरचे फूलही महिना बघून निवडायचे, आणि शक्यतो थोडे आधी. साकुरा बाहेर भरात असताना साकुरा रंगवलेले भांडे काढणे जाणत्यांना रुचत नाही. खऱ्या फुलासमोर चितारलेले फूल कशाला? ते यायच्या आधी, वाट बघत असताना काढायचे. आपल्याकडे पाडव्याच्या आधी आठ दिवस कैरीची पहिली फोड पानात पडली की जे होते, तेच इथे वाडग्यावर होते.

केन्झानच्या आधी सुमारे पाचशे वर्षे, १२१४ साली, फुजिवारा तेइका या दरबारी कवीने बारा महिन्यांवर कविता लिहिल्या. प्रत्येक महिन्याचे एक फूल किंवा झाड आणि एक पक्षी. पहिल्या महिन्याला वाळुंज आणि वसंतात गाणारा उगुइसु, दुसऱ्याला साकुरा आणि फेझंट, तिसऱ्याला जांभळ्या घोसांची फुजीची वेल आणि चंडोल. सहाव्यात पाणकावळा येतो. नवव्यात तुरे आलेले सुसुकी गवत आणि लावा, दहाव्यात उरलीसुरली शेवंती आणि क्रौंच, बाराव्यात बर्फातच फुललेला उमे आणि पाणपक्षी. हे महिने इंग्रजी नव्हेत बरे का. तेव्हाचा जपान चंद्राच्या तिथींवर चाले आणि आपल्यासारखाच मध्ये अधिक महिना धरून सूर्याशी हिशेब जुळवी. १८७३ पासून तिथे इंग्रजी कॅलेंडर आले आणि जुन्या कवितांतली फुले महिनाभर मागेपुढे झाली.

चित्रकारांनी या बारा जोड्या पडद्यांवर आणि पटांवर उतरवल्या होत्या. केन्झानने त्या ताटलीवर आणल्या. त्याचा १७०२ सालचा एक संच प्रसिद्ध आहे. वीतभराहून थोड्या लहान, चौकोनी, काठ उभे असलेल्या ताटल्या. पांढऱ्या मातीचा लेप दिलेल्या पृष्ठभागावर त्या महिन्याचे फूल आणि पक्षी. आणि पाठीवर, जिथे एरवी कुंभाराची खूण तेवढी असते, तिथे केन्झानच्या हस्ताक्षरात त्या महिन्याच्या कविता.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ताटलीत पदार्थ वाढला की चित्र झाकते. पाहुणा जसजसा खाईल तसतसा खालचा चंडोल उघडा पडतो. ताटली पुरी रिकामी झाली, ती हातात घेऊन उलटी केली, की मगच कविता. भरल्या भांड्यात ते काहीच दिसत नाही. चित्र आणि अक्षर कागदावरून भांड्यावर आणणारे त्याच्या आधीही होऊन गेले असतील, पण पुस्तकाचे पान उलटावे तशी ताटली उलटायला लावणारा हा वडिलांच्या पुस्तकांचा वारस होता.

फुले निवडतानाही तो नुसत्या शोभेला भुलत नाही. तोक्योच्या सन्तोरी संग्रहालयात त्याचा एक झाकणाचा डबा आहे. त्यावर फूल नाहीच, फक्त सुसुकी गवताची पाती, पांढरी, निळी, सोनेरी, एकमेकींत गुंतलेली. शरदातल्या माळावर आपण वाकून बघतो आहोत असे वाटते. मेपलची पाने वाहून नेणाऱ्या तात्सुता नदीच्या वाट्या त्याने केल्या, तर वाटीचा काठच पानांच्या आणि पाण्याच्या आकाराने कापला. त्याच्या एका चहाच्या वाडग्यावर युगाओ हे संध्याकाळी उमलणारे पांढरे फूल आहे. जपानी साहित्यात त्याचा केवढा थाट! ते आहे मात्र आपल्या परसातल्या दुधी भोपळ्याचे फूल. मांडवावर रोज दिसणारे हे फूल कुणी चहाच्या वाडग्यावर काढील, असे मला स्वप्नातही वाटले नसते.

आणि कोरिन? तो आता चित्रकार झाला होता, चाळिशीच्या आसपास, कारण पोटाला काहीतरी हवेच होते. १७०१ मध्ये त्याला होक्क्यो ही मानाची पदवी मिळाली, पण पैसा हातात टिकत नव्हता. केन्झान ताटल्या घडवायचा, लेप द्यायचा आणि थोरल्या भावापुढे ठेवायचा. कोरिन लोहाच्या काळपट रंगात पाच-सात फटकाऱ्यांत चित्र काढायचा. धाकटा बाजूला अक्षरे लिहायचा. अशी एक ताटली तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे : एक चिनी कवी उभा राहून पाण्यावरचे पक्षी बघतो आहे. चित्राखाली थोरल्याची सही, कवितेशेजारी धाकट्याची.

ही ताटली मी २०१९ च्या नोव्हेंबरात पाहिली. मुलगी तेव्हा नवऱ्याच्या नोकरीनिमित्त तोक्योला होती. ती पुढच्या दालनात गेली तरी मी तिथेच उभा होतो. माझा थोरला भाऊ २००८ मध्ये गेला. १९९१ मध्ये त्याचे दुकान बुडाले तेव्हा त्याने माझ्याकडे अठरा हजार मागितले होते. मी दिले, पण आधी रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्याची सही घेतली. बँकेतला माणूस ना मी! त्याचे अक्षर फार सुंदर होते. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याने रंगवलेल्या. माझ्या पहिल्या कादंबरीचे मुखपृष्ठ करायला मी मुंबईचा चित्रकार शोधला. भावाला विचारायचे मला सुचले नाही. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.

केन्झानही व्यवहाराला कच्चा नव्हता, पण नारुताकीची भट्टी १७१२ मध्ये बंद झाली. डोंगरातल्या मोठ्या भट्टीचा खर्च झेपेना, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो शहरात चोजियामाचीला आला, दुसऱ्यांच्या भट्ट्या भाड्याने घेऊन जेवणाच्या भांड्यांचे संच करू लागला आणि ते सुखवस्तू घरांत खपू लागले. १७१६ मध्ये कोरिन वारला. १७३१ च्या सुमारास, सत्तरी जवळ आली असता, केन्झानने क्योतो सोडले आणि तो एडोला, म्हणजे आजच्या तोक्योला गेला. तिथल्या रिन्नोजीच्या राजकुलीन महंतांचा आधार होता. इरिया भागात लहानसे बिऱ्हाड आणि भट्टी. क्योतोचे काम दत्तक मुलगा इहाची बघत होता.

१७३७ मध्ये त्याने एक वही लिहिली. माती कुठली, लेप कसा, झिलईत काय किती, सगळे. निन्सेईकडून आलेल्या कृती आणि स्वतःच्या कृतीही. कुंभाराच्या घरात अशा गोष्टी बापाने मुलाच्या कानात सांगायच्या असतात. त्याने त्या कागदावर उतरवल्या. त्याच साली सानो इथल्या रसिकांकडे राहून आणखी एक वही केली. पुढच्याच वर्षी आश्रयदाते महंत वारले.

मग त्याने कुंचला धरला, तो चित्रांसाठी. शरदातल्या गवतांनी आणि फुलांनी भरलेल्या टोपल्यांचे त्याचे चित्र आज फुकुओकाच्या संग्रहालयात आहे. सही करताना तो स्वतःला राजधानी सोडून आलेला एकांतवासी म्हणवतो. काही चित्रांवर सहीशेजारी वय घातले आहे, जपानी मोजणीने एक्याऐंशी. त्याच वयात, १७४३ मध्ये, तो एडोत गेला. जवळ फारसे काही नव्हते.

कबरही विसरली गेली. ती शोधून काढली साकाई होइत्सू या चित्रकाराने, आणि १८२३ मध्ये केन्झानच्या कामाचे चित्रमय पुस्तक छापून घेतले. होइत्सू हा हिमेजीच्या दाइम्योच्या घरातला. ज्या सरदारांनी सोकेनची कर्जे बुडवली, त्याच जातकुळीतला एक मुलगा सोकेनच्या मुलाचे नाव शोधत कबरस्थानात फिरत होता. हे व्याज म्हणायचे की मुद्दल, मला ठरवता येत नाही.

नारुताकीच्या भट्टीच्या जागी आज होझोजी नावाचे बौद्ध देऊळ आहे. २००० सालापासून काही वर्षे तिथे अभ्यासकांनी खणून पाहिले. मातीतून खापरे निघाली, फुटलेली, टाकून दिलेली, काहींवर कुंचल्याचे फटकारे अजून जसेच्या तसे.